आल्प्सच्या पायथ्याशी

आवाजाला देश असतो आणि तयार कानाला तो ओळखता येतो. मोमोसेसान तर तो डोळे मिटून ओळखत. फक्त डोळे मिटले की त्यांना झोप लागे, म्हणून ते उघडेच ठेवत.

आत्ता ते डोळे वटारून बसले होते. समोर नवाकोरा ॲम्प्लिफायर होता. हेल्मरिन कंपनी, स्वित्झर्लंड. मोमोसेसानच्या निवृत्तीचं सार्थक म्हणजे ही पेटी. आणि खोलीत कुठूनतरी बारीक घूंऽ असा आवाज येत होता.

"येतोय खरा," नाकाजोसान म्हणाले. हे दंतवैद्य. दर रविवारी ऐकायला येत. "पण हलक्या मालाची घरघर नाही ही. भारदस्त आहे."

दार किलकिलं झालं. मोमोसेसानची बायको काझुए कोट घालून उभी होती.

"अहो, तो आवाज..."

"शू! ऐकू दे जरा."

"बरं. मी निघते. उएदाला ताईकडे. भात कुकरमध्ये आहे."

"कधी येणार?"

"ते ठरवलं नाही अजून."

दार बंद झालं. समोरच्या घरातली बाई अशीच बहिणीकडे गेली होती, काही न ठरवता. तिचा नवरा अजून शेजाऱ्यांना विचारतो, कुकरचं कुठलं बटण दाबायचं. हे तळ्याकाठच्या सगळ्या ओकाया गावाला माहीत होतं. मोमोसेसाननी एकदा बंद दाराकडे पाहिलं. पण घूं चालूच होतं.

"उघडून बघू," नाकाजोसान म्हणाले. "आ केल्याशिवाय दुखणं कळत नाही."

"गॅरंटी जाईल हो."

"मग जन्मभर घूं ऐकणार?"

मोमोसेसाननी भिंतीतला प्लग उपसून जमिनीवर ठेवला. घूं थांबलं नाही.

"बघितलंत?" नाकाजोसान हरखले. "वायर काढली तरी चालू! काय ताकद साठवलेली असते हो आत. ह्याला म्हणतात माल."

झाकण निघालं. आत एक काळा डबा होता. डब्याचंही झाकण निघालं. आत ट्रान्सफॉर्मर होता, तांब्याच्या तारेचं ताटाएवढं जाडजूड कडं, वरून पिवळी टेप. दोघंही नकळत गुडघ्यांवर आले.

"माहितीपत्रकात आहे," मोमोसेसान कुजबुजले. "'आल्प्सच्या पायथ्याशी हातानं गुंडाळलेला.'"

"दिसतंयच की. वेढ्याला वेढा कसा चिकटलाय बघा. आपल्या जपानात हे होणे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त लागते. गाई, चीज, घड्याळं, तसलं सगळं लागतं. आणि हे लाल काय आहे?"

टेपच्या टोकावर वाटाण्याएवढा गोल शिक्का होता. तळ्याकाठच्या प्रत्येक कारखान्यात माल बनवणारा किंवा तपासणारा माणूस आपल्या आडनावाचा मारतो, तसला.

"स्विस लोक शिक्के मारतात?" नाकाजोसाननी चष्मा कपाळावर चढवला. "कुत्सुकाके. हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय."

मोमोसेसाननी ते नुसतं ऐकलं नव्हतं. ओकायात कुत्सुकाकेंचं घर एकच. दर नववर्षाला तिथे बसून ते तांदळाची चिकट मोची खात. ती त्यांची सासुरवाडी होती.

काझुए गेल्या वर्षापर्यंत कारखान्यात जायची. काय करायची? तारांचं काहीतरी. संध्याकाळी ती सांगायला लागली की मोमोसेसान कानांवर हेडफोन चढवत.

ते मोज्यांवरच घसरत बाहेरच्या दारापर्यंत गेले. बॅग भरून आलेल्या काझुएच्या एका पायात बूट होता.

"अगं, कुत्सुकाके हा शिक्का तुझा?"

"कुठला?"

"आतला. स्वित्झर्लंडमधला."

काझुएनं बूट काढला. आत येऊन तिनं पेटीत डोकावून पाहिलं, परदेशी गेलेल्या भाचीला ओळखावं तसं.

"माझाच. लग्नानंतर नवा मागितला होता मी. पण मोमोसे आडनावाच्या तिघी होत्या आधीच. फोरमन म्हणाला, जुनाच चालू द्या." तिनं टेपवरून बोट फिरवलं. "कुठल्या नावानं विकतात ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. छान दिसतोय की! वरून काळा डबा कशाला घातलाय?"

"पण वहिनी," नाकाजोसान काकुळतीला आले, "आल्प्स लिहिलंय हो त्यात."

काझुएनं खिडकीबाहेर पाहिलं. तळ्यापलीकडे बर्फाच्या डोंगरांची रांग लख्ख दिसत होती.

"मग? ते कोण आहेत? नकाशातही जपानी आल्प्सच छापलंय."

मोमोसेसान बसकरावर बसले. घूं चालूच होतं.

"मग हा गुणगुणतोय का, काझुए?"

एवढं विचारून ते तिच्याकडे बघत राहिले. हेडफोनकडे हात गेला नाही. काझुए थोडी गडबडली. प्रश्न विचारल्यावर हा माणूस उत्तरासाठी थांबतो, हे तिला नवीन होतं.

"तो कुठे गुणगुणतोय? फ्रिज आहे तो, भिंतीपलीकडचा. सकाळपासून सांगतेय."

ती स्वयंपाकघरात गेली. तिकडे प्लग निघाल्याचा आवाज झाला आणि घूं थांबलं.

ती परत आली, तेव्हा मोमोसेसाननी दुसरं बसकर पुढे सरकवलं होतं.

"गाडी चुकली ना तुझी?"

"पुढची आहे."

"तिला वेळ आहे. तोवर सांग ना, हे गुंडाळायचं कसं?"

काझुएनं कोटाची वरची दोन बटणं सोडली आणि सांगायला बसली. आधी तार हातात घेऊन तिचा ताण बघायचा. पावसाळी दिवसांत ती वेगळी वागते, थंडीत वेगळी. पहिला थर साधला तर पुढचं सगळं साधतं. उरलेली बटणं तिनं बोलता बोलता कधी सोडली, ते तिलाही कळलं नाही.

नाकाजोसाननी डोळे मिटले होते. चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं.

"वा! काय स्वच्छ शांतता आहे," ते म्हणाले. "शेवटी हेल्मरिन ते हेल्मरिनच. असा ॲम्प्लिफायर..."

"शू!" मोमोसेसान म्हणाले. "ऐकू दे जरा."

काझुए दुसऱ्या थरापर्यंत आली होती. ॲम्प्लिफायरचा प्लग अजून जमिनीवरच पडला होता.