नव्वदावं पाऊल

बसथांब्यापासून चर्चकडे चढताना डेन्झिल बरोबर नव्वदाव्या पावलाला थांबायचा आणि कुंपण धरून धापा टाकायचा. तिथे एक बाक हवं, असा अर्ज त्याची बायको मॉर्वेना सहा वर्षं पॅरिश कौन्सिलच्या वार्षिक सभेत देत होती.

"मॉर्वेनाबाई, आपल्याकडे बाकं फक्त गेलेल्यांच्या स्मरणार्थ बसवतात. तुमचा डेन्झिल तर चांगला चालताफिरता आहे की!" अध्यक्ष दरवर्षी म्हणायचे.

"मग काय, त्याच्या मरणाची वाट बघू?" ती गेल्या वर्षी म्हणाली, तेव्हा सगळी सभा हसली होती.

यंदा तिने अर्जच दिला नाही. काळा कोट घालून ती मागे बसली होती.

 

अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "बाई, आता नियमाची काही अडचण नाही. बाक मंजूर."