दोन दोरे जास्त

मशीनवाला तासभर आधीच टपकला. धाकटीने त्याला दोन वाजता बोलावलं होतं, थोरल्या जाऊबाई घरी जाऊन जरा आडव्या होतात त्या वेळेला. आत्ता कुठे एक वाजत होता, आणि जाऊबाई खिडकीपाशी उभ्या राहून कापड कापत होत्या.

"गोधडीचे तुकडे कापायचं मशीन इथेच द्यायचंय ना?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खोकं टेबलावर ठेवलंसुद्धा.

जाऊबाईंची कात्री थांबली. "कुणी मागवलं?"

"नुसतं बघायला, ताई," धाकटी म्हणाली. "फुकट दाखवतात म्हणे." खोटं बोलायचं तर चेहऱ्याने तरी साथ द्यावी! तिचे कान लालबुंद झाले होते. ती शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर मटकन बसली.

या खोलीत बावीस वर्षं एक कापते आणि एक शिवते. कापणारीच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून टम्म झालाय हे दोघींना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही हेही दोघींना ठाऊक होतं. वर्षभरापासून जाऊबाईंच्या एका त्रिकोणाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला मिळत नव्हतं. नशीब एवढंच, की तुकडा निघायचा तो मोठाच, लहान कधी पडला नाही. मग जाऊबाई घरी गेल्या, की धाकटी दार लोटून घ्यायची, पुठ्ठ्याचा साचा एकेका तुकड्यावर ठेवायची आणि कडेची जास्तीची चिंधी छाटून टाकायची. चोरासारखी. एका दुपट्याला अठ्ठेचाळीस त्रिकोण लागायचे. प्रसूतिगृहाने साठ दुपटी सांगितली होती आणि हातात आठच दिवस होते. एवढी छाटाछाट एकटीने निभणारी नव्हती. पण मशीन घेतलं तर ताईंनी उद्यापासून या खोलीत यायचं ते कशाला? हे त्यांना सांगायचं कसं? तीन रात्री तिला नीट झोप नव्हती.

मशीनवाल्याने कापडाचे सहा थर पात्यांच्या साच्यावर ठेवले, वर जाड प्लास्टिकची पाटी ठेवली आणि मूठ फिरवली. सगळं दोन रुळांमधून सरकत पलीकडे गेलं. त्याने पाटी उचलली. खाली त्रिकोणांच्या आठ चवडी.

"एका फेरीत अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "हाताने कापताना माणूस कितीही पट्टीचा असू दे, फरक पडतोच."

"तुम्ही मशीन विकायला आलात की माझ्या कात्रीला नावं ठेवायला?" जाऊबाई म्हणाल्या.

तो ओशाळला. जाऊबाईंनी चवडीतले दोन त्रिकोण उचलले, एकावर एक ठेवले आणि टोकांवरून डावं बोट फिरवलं. मग आणखी दोन घेतले. धाकटीला ते बघवेना. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"नकोच आपल्याला," ती एकदम म्हणाली. "जागा कुठंय इथे? आणि आवाज केवढा करतं!"

"आवाज?" मशीनवाल्याने मशीनकडे पाहिलं. बिचाऱ्याने हूं की चूं केलं नव्हतं.

"नको म्हटलं ना! घेऊन जा तुम्ही."

तो खोकं उघडायला वाकला.

"थांबा हो," जाऊबाई म्हणाल्या. "आणि तू ऊठ बघू."

"मी?"

"तूच. स्टुलावरून ऊठ."

ती उठली. स्टुलावर एक लहान गादी होती. दिवसभर बसून हिची कंबर धरते म्हणून जाऊबाईंनीच गेल्या महिन्यात शिवून दिलेली. बसून दबली म्हणून परवाच त्यांनी ती पुन्हा भरून आणली होती. त्यांनी ती उचलली, टेबलावर ठेवली आणि कात्रीच्या टोकाने एका बाजूची शिवण टराटरा उसवली.

आतून चिंध्या बाहेर आल्या. निळ्या, पिवळ्या, चौकड्याच्या, आणि वरच वर प्रसूतिगृहाच्या दुपट्यांच्या पांढऱ्या. बोटभर लांब आणि जेमतेम दोन दोरे, म्हणजे पाव इंच, रुंद. टेबल भरलं तरी संपेनात.

आपणच छाटून टाकलेल्या चिंध्या धाकटीने लगेच ओळखल्या.

"सकाळचा केर कोण काढतं इथे?" जाऊबाईंनी विचारलं.

"ताई, मी... तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"ते कळलं गं मला पहिल्याच आठवड्यात. म्हणून तर दोन दोरे जास्त ठेवून कापत होते. तुकडा लहान पडला असता, तर तू तरी काय केलं असतंस?"

मशीनवाला उगाचच प्लास्टिकची पाटी पुसत राहिला. जाऊबाईंनी कात्री खिळ्याला अडकवली, पदराने हात पुसले आणि त्या त्याच्याकडे वळल्या.

"ही मूठ डावीकडे बसवता येते का हो? माझा उजवा अंगठा कामातून गेलाय."

"येते की," तो म्हणाला.

"मग बसवा. फिरवणार मीच."

धाकटीने तोंडाला पदर लावला, तरी हुंदका बाहेर आलाच.

"रडतेस काय वेड्यासारखी!" जाऊबाई चिंध्या दोन्ही हातांनी गोळा करून गादीत कोंबत म्हणाल्या. "ही शिवून घे आधी. आणि जपून वापर. आता हिच्यात घालायला काही मिळायचं नाही."