लस बेटावर आली

पहिली सुई कोणी टोचून घ्यायची, यावरच सगळं अडलं होतं.

नाकामालासमोरच्या वडाखाली अडतीस मुली चटयांवर बसल्या होत्या, नऊ ते चौदा वर्षांच्या. त्यांच्या मागे आया. नाकामाल म्हणजे गावबैठकीचं झापांचं घर. त्याच्या दारात बापे. सकाळच्या बोटीने बर्फाची पेटी उतरली होती आणि पेटीत मोजून अडतीस लशी होत्या. नर्स लेइसावीने यादीतलं पहिलं नाव दोनदा पुकारलं. कोणी उठलं नाही.

गावप्रमुखाचा धाकटा भाऊ कालमेट दारातूनच बोलत होता. त्याचं म्हणणं, दवाखान्यात तापाची गोळी मिळायची मारामार, बोट महिना महिना येत नाही, आणि हे औषध मात्र फुकट. तेही फक्त मुलींना. उद्या ह्यांची कूस उजवली नाही तर जाब कोणाला विचारायचा? गोरे लोक आपल्या पोरींवर करून बघतायत, दुसरं काय.

"करून बघायचं ते त्यांनी आपल्या लेकींवर केलं, कालमेट," लेइसावी म्हणाली. "त्याला सोळा वर्षं झाली. आपला नंबर आज लागलाय."

मुली तरीही जागच्या हलल्या नाहीत.

सोळा हा आकडा तिला आठवावा लागला नव्हता. तेव्हा ब्रिस्बेनहून तिच्या बहिणीचा फोन आला होता. भाचीला शाळेतच ही लस टोचली होती, पुढे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. हात दुखतो म्हणत पोरीने दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली, असं बहीण हसत सांगत होती. लेइसावीची लेक लेइमास त्या वर्षी तेरा वर्षांची होती. लेइसावीने राजधानीतल्या साहेबाला विचारलं. फार महाग आहे, आपल्यासारख्यांपर्यंत यायला वेळ लागेल, तो म्हणाला. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, जरा वैतागून. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. सुट्टीत पोरीला माझ्याकडे धाड, असंही बहीण म्हणाली होती. ते या सुट्टीवरून त्या सुट्टीवर जात राहिलं.

आयांच्या घोळक्यातून लेइमास उठली. उठायला तिला वेळ लागला. शेजारणीने हात दिला. दोन महिन्यांपूर्वी ती मोठ्या इस्पितळातून परत आली होती. घरी घेऊन जा, एवढंच तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावात पोटाचं दुखणं म्हणत. बायकांना काय ते कळत होतं. रक्त जाऊन जाऊन गेलेली एक तरी बाई प्रत्येक घरात होती, पण चारचौघांत त्या दुखण्याचं नाव कोणी घेत नसे. लेइसावीनेही घेतलं नव्हतं. नर्स असून.

"आधी मला दे," लेइमास सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. खुर्चीत बसली आणि झग्याची फुग्याची बाही तिने वर सारली. आतला दंड मनगटाएवढा उरला होता.

लेइसावी तिच्यावर वाकली. "तुला आता उपयोग नाही गं," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पोरी बघतायत. टोचल्यासारखं कर."

अडतीस मुली, अडतीस लशी. लेइसावीने रिकामी सिरिंज घेतली. मुलींकडे पाठ करून ती उभी राहिली, टोपण न काढताच सिरिंज लेकीच्या दंडाला टेकवली आणि मनात तीनपर्यंत मोजलं. मग कापसाचा बोळा ठेवला.

लेइमासने बोळा अंगठ्याने दाबून धरला आणि दाराकडे मान वळवली.

"मुंगी चावली असती तर जास्त दुखलं असतं, कालमेटकाका. तुम्हाला तर नुसतं बघूनच घाम फुटलाय."

आधी बायका हसल्या, मग मुली, शेवटी दारातले बापेही. कालमेटने खरंच कपाळ पुसलं. त्यानंतर पहिली उठली ती त्याचीच थोरली.

उन्हं डोक्यावर यायच्या आत पेटी रिकामी झाली. लेइमासची लेक लेइसोंगी यादीत शेवटची होती. ती दहा वर्षांची. रडली नाही. प्रत्येकीला एक पिवळं कार्ड मिळत होतं, त्यावर नाव आणि टोचल्याची तारीख. लेइसोंगीने आपलं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि ती तिथेच घुटमळली.

"आजी, आईचं राहिलं की. सगळ्यांच्या आधी तर तिलाच टोचलीस."

लेइमास वडाला टेकून डोळे मिटून बसली होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

लेइसावीने एक कोरं कार्ड ओढलं. त्यावर लेकीचं नाव लिहिलं, पुरं, बापाच्या नावासकट. दिवस लिहिला, महिना लिहिला. मग पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. शेवटी तिने चार आकडे लिहिले आणि कार्ड नातीच्या हातात दिलं.

लेइसोंगीने ते आपल्या कार्डाशेजारी धरून ताडून पाहिलं.

"आजी, साल चुकलं तुझं. तेव्हा तर मी जन्मलेसुद्धा नव्हते."

"हो," लेइसावी म्हणाली. "चुकलं."