रिकाम्या पाऱ्या

पहिला वॉन्टन उकळत्या पाण्यात पडला आणि फुटला. आतला कोंबडीचा खिमा पातेलंभर पसरला. पारी चिंधीसारखी तरंगत वर आली. म्हाताऱ्या शिंप्याने कपाळावर हात मारून घेतला.

"उसवला का?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं. आवाज कसला, नुसता श्वासच. पण घर एवढंसं, आणि मधलं दार त्याने सताड उघडं ठेवलं होतं. कॉटवर उशीला टेकून ती त्याचे हात पाहत होती.

"उसवला."

"किती भरलात? उशीचा अभ्रा आहे का तो? अर्धा चमचा पुरे. आणि कडेला जागा ठेवा. सदऱ्याला माया सोडता ना, तशी. पाण्याचं बोट फिरवा, आतली हवा दाबून काढा, मग मिटा."

शिंप्याला बरं वाटलं. कित्येक दिवसांत तिने त्याला असा टोमणा मारला नव्हता. दोन घोट दुधापलीकडे पोटात काही जात नव्हतं, मग बोलायला बळ कुठून येणार? डॉक्टर दारात चपला घालता घालता म्हणाले होते, "चार घास जाऊ द्यात. अंगात थोडी ताकद आली, तर पुढचं औषध सुरू करता येईल." त्या 'तर'ला धरून शिंपी दिवस ढकलत होता. चमचा घेऊन तिच्या मागे लागायचा, आणि ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

आणि आज सकाळी तीच आपणहून म्हणाली, "आज वॉन्टन करा."

तो तसाच धावला होता. खाटीक त्याच्याकडे बघून हसला. "मास्तर, लोकांचे कपडे शिवता आणि स्वतःच्या गुंड्या खालीवर?"

"राहू दे त्या. कोंबडीचा खिमा दे, अगदी बारीक. बायकोने मागितलंय. स्वतःच्या तोंडाने!"

खाटकाचं हसू ओसरलं. त्याने खिमा यंत्रातून पुन्हा एकदा काढला आणि वर मूठभर जास्तीचा घातला.

लग्नाआधी ती एका चिनी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. वॉन्टन तिथेच शिकली. बोलता बोलता, हाताकडे न बघता वळायची. शिंप्याने जन्मात कधी पीठ मळलं नव्हतं. आज मैदा, मीठ, कोमट पाणी, सगळं तिने कॉटवरून सांगितलं. पारी कागदासारखी लाटायला लावली. चौकोन पाडायला त्याने आपली कातर काढली, तेव्हा ती म्हणाली, "कापा, कापा. तेवढंच येतं तुम्हाला." खिम्यात आलं, लसूण, कांद्याची पात घालून एकाच दिशेने ढवळायला सांगितलं. मग त्यातलाच चिमूटभर तव्यावर भाजायला लावला.

"मीठ बघा."

त्याने चमचा तिच्याकडे नेला. "तूच सांग ना."

"मला काय विचारता? तुमच्या जिभेला काय लागतंय?"

"कमी आहे."

"मग घाला."

फुटलेल्याचं पाणी तिने ओतून द्यायला लावलं. नवं पाणी ठेवलं. या खेपेला दोनच उसवले. "वर आले की वाटीभर गार पाणी ओता. पुन्हा उकळी आली की काढा. आणि शेजारी छोट्या पातेलीत दोन-चार पाऱ्या रिकाम्याच शिजवा."

"एका पातेल्यात भागलं असतं की."

"मी नेहमी अशाच करते."

करत होती खरी. ती छोटी पातेली वर्षानुवर्षं शेगडीच्या कडेला असायची. उरलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून असेल, असं तो धरून चालला होता. बाई पहिल्यापासून चिकट.

"आता पुढचे तुम्ही करा," ती म्हणाली. "मी बोलणार नाही."

ती खरंच बोलली नाही. तो मधूनच मान वळवून बघायचा. डोळे उघडे होते, त्याच्या बोटांवर होते. या खेपेला एकही फुटला नाही. पोरासारखा ओरडला तो, "अगं बघ! एक टाका सुटला नाही!"

त्याने तिच्या पाठीशी आणखी एक उशी लावली. सगळ्यांत देखणा वॉन्टन चमच्यात घेतला, फुंकर घातली, तिच्या ओठांशी नेला. तिने मान हलवली आणि दुसऱ्या वाटीकडे बोट केलं. रिकाम्या पारीचा एक कोपरा तोडून तिने बराच वेळ तोंडात घोळवला.

"छान लाटलीत."

"अगं, त्यात काय आहे? भरलेला खा. ताकद नको का यायला? डॉक्टरांना काय सांगू मी?"

"अहो," ती म्हणाली, "मी कोंबडी कधी खाल्ली?"

चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. तो आठवू लागला. ती त्याला वाढायची. गरम आहेत तोवर खा म्हणायची. खाऊन तो मशीनवर जाऊन बसायचा. मग मागे शेगडीपाशी, पाठमोरी, ती जेवायची. त्या ताटात काय असतं, हे बघायला तो एकदाही उठला नव्हता.

"मग मागितलेस कशाला?"

तिला दम लागला होता. तिने तो ओसरू दिला, आणि भरलेली वाटी दोन बोटांनी त्याच्याकडे सरकवली.

"तुम्हाला आवडतात. सांगायला मी आहे तोवर तुमचा हात बसावा म्हटलं."