न आलेलं वाक्य

"मध्येच काढून मागाल," कानात यंत्र बसवणारा म्हणाला.

"मागितलं तरी काढू नका," शर्वरीने बजावलं. घरच्या घरी जपानी शिकताना ती सारखी मराठीकडे वळायची, तेच तिला मोडायचं होतं. आता कोणीही मराठीत बोललं, की त्याच्याच आवाजात तिला जपानी ऐकू येणार होतं, थेट परीक्षेपर्यंत.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना दवाखान्यात आई वारली. जाण्याआधी तिने शर्वरीचा हात धरून काहीतरी सांगितलं. शर्वरीला ते समजलं नाही. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी फोनवर यंत्राची रोजची उजळणी सुरू झाली. आदल्या दिवशी अडलेलं वाक्य आईच्या आवाजात जपानीत वाजलं आणि खाली अर्थ उमटला: 'किती वाळलीस गं. घरी जाऊन फोडणीचा भात तरी करून खा.'

त्याखाली दोन बटणं होती. 'आलं' दाबलं, की वाक्य उजळणीतून कायमचं जाई. 'नाही आलं' दाबलं, की उद्या परत येई.

शर्वरी आता ओसाकात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. यंत्र केव्हाच निघालं. जपानी तिला स्वप्नातही येतं. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती ते एकच वाक्य ऐकते आणि 'नाही आलं' दाबते.