कोठडीतली एकादशी

“ऊट बेडा म्हणतो. जेवायला नको,” हवालदार महादेवनं कोठडीपुढच्या ताटाकडे बोट केलं. भातावरचं सारू गार होऊन वर तवंग गोठला होता. “सकाळी आणल्यापासून पाण्याचा घोटही नाही. जयतीर्थ नाव आहे, अक्का. तुमच्या मठापैकीच. एकादशी धरलीय.” मग हसून म्हणाला, “गोकुळ रोडच्या कारखान्यातून तांब्याची तार न्यायची आणि वर एकादशी! देवाला भागीदार केलाय बघा.”

“नेली की नाही ते ठरायचंय अजून, महादेव,” हेमावती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू, की ठाण्यातली माणसं ऐकायला जरा वाकत.

कोर्टाच्या विधी सेवेतर्फे ती आठवड्यातून दोनदा इथे यायची. कोठडीत कोण आहे, कसा आहे, बघायचं. पगार नाही, सक्ती नाही. गजांशी उभं राहून तीनच गोष्टी विचारायची. जेवलास का, घरी कळवलं का, कुणी हात लावला का. याच क्रमानं.

आज ती पहिल्यालाच थांबली. तिचीही एकादशी होती. दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीतून उन्हाची चालत आली होती, जीभ टाळ्याला चिकटली होती. आणि इथे, या कुबट अंधारात, आणखी एक माणूस तसाच कोरड्या तोंडानं बसलेला. तिशीचा असेल. गुडघे पोटाशी घेऊन, एक गाल भिंतीला लावून.

“निर्जळी का रे?”

त्यानं मान हलवली.

हेमावतीला भरून आलं. इतकी वर्षं ती येत होती, पण गजांच्या आत व्रत सांभाळणारं माणूस तिला भेटलं नव्हतं.

“ताट उचला, महादेव. आग्रह करू नका त्याला.”

महादेवनं ताट लगेच उचललं.

तिनं पिशवीतून तीर्थाची लहानशी बाटली काढली. सकाळी मठातून आणलेली. “पुढं ये बाळ. एवढं चालतं आजच्या दिवशी.”

तो हलला नाही.

“असू दे अक्का,” महादेव मधे पडला. “दमलाय. पडू दे त्याला.”

“तीर्थाला नाही म्हणू नये रे,” ती आणखी हळू म्हणाली. रागावून सांगितलं असतं तर कदाचित तो उठला नसता. भिंतीला धरत धरत तो गजांपाशी आला आणि मान वळवूनच हात बाहेर काढला. तिनं तळव्यावर तीर्थ घातलं. त्यानं हात तोंडाशी नेला.

ओठ उघडले. दात उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. तळव्यात स्वच्छ होतं, सदऱ्यावर तांबूस उतरलं.

त्यानं घाईनं तोंड पुसलं, आणि पुसताना त्याचा दुसरा गाल उजेडात आला. जबडा कानाखालून सुजून निळा पडला होता आणि हनुवटी एका बाजूला सरकली होती.

हेमावतीच्या हातातलं बाटलीचं झाकण तसंच राहिलं. माणसाला तोंड उघडता येत नव्हतं आणि त्याच्यापुढचं ताट तिनंच उचलायला लावलं होतं.

“जयतीर्थ, कुणी...”

“नका विचारू,” दातांमधून शब्द फुटत होते. “उपासच म्हणा, अक्का. तुम्ही संध्याकाळी घरी जाल. मी इथंच असणार.”

तिनं मागे वळून पाहिलं. महादेव वर पंख्याकडे बघत होता.

“मी दुपारी ड्यूटीवर आलो. बोटसुद्धा लावलं नाही मी.”

“त्याची एकादशी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

महादेवनं ताट या हातातून त्या हातात घेतलं. “साहेब म्हणाले,” तो अखेर पुटपुटला, “त्या अक्का येतील, त्यांना एकादशी म्हण. पुढं काही विचारणार नाहीत.”

बाहेर रस्त्यावर रिक्षांचा गलका चालला होता. हेमावतीनं महादेवसमोरच विधी सेवेच्या सचिवांना फोन लावला. जबडा मोडलाय, म्हणाली. जेवता येत नाही, पाणी पिता येत नाही. नाही, सकाळपर्यंत नाही थांबता येणार. आवाज एवढासुद्धा चढला नाही.

“डॉक्टर पाठवतायत,” तिनं फोन पिशवीत टाकला. “वेळ लागेल म्हणाले. मी आहे तोवर.”

“साहेब येतील आता, अक्का.”

“येऊ देत.”

“मला पोरंबाळं आहेत हो.”

तिनं कोठडीकडे पाहिलं. जयतीर्थ पुन्हा खाली बसला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. फोन लागला तेव्हापासून त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

महादेव आत गेला आणि लोखंडी खुर्ची घेऊन आला. ती त्यानं दाराकडे तोंड करून मांडली, कोठडीकडे पाठ करून. “बसा. उपाशी माणूस तुम्ही.”

हेमावतीनं खुर्चीच्या पाठीला धरून ती कोठडीच्या बाजूला फिरवली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

त्या आवाजासरशी आत जयतीर्थनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.