पेन्सिलीची बारा चित्रं

“चित्रं झकास आहेत, मॅडम. पण खाली ‘१९७४’ लिहिता येणार नाही,” सौरभ म्हणाला.

हडपसरच्या एका नव्या आयटी कंपनीच्या तळमजल्यावर शर्मिला ओव्हाळच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि ते भरवायचं काम सौरभकडे होतं. त्यातली एक भिंत कायमची तिची राहणार होती. त्या भिंतीवर तिला आपली पहिलीवहिली चित्रं हवी होती.

अडचण एवढीच की ती चित्रं उरलीच नव्हती. आठवीत असताना तिनं चित्रकलेच्या वहीत पेन्सिलीनं बारा चित्रं काढली होती. सगळी आईची. भाजीबाजारात कांदे निवडणारी आई, तागडी धरणारी आई, बशीतला चहा फुंकणारी आई. वही स्पर्धेसाठी शाळेत जमा केली आणि आठवड्याभरानं चित्रकलेचे रंगराव सर म्हणाले, “वाळवीनं खाल्ली गं. नशीब एकेकाचं.”

पोरगी दोन दिवस जेवली नव्हती.

आता सत्तावीस वर्षांनी तिनं बाराही चित्रं पुन्हा काढली होती. काम सोपं नव्हतं. शिकलेला हात मुद्दाम विसरायचा होता. तेव्हा जमली नव्हती तशीच बोटं काढायची, तेव्हा चुकलेला खांदा तसाच चुकवायचा. कागदांचा ढीग फाडून झाला. बारावं चित्र जमलं तेव्हा ती खोलीत एकटीच मोठमोठ्यानं हसली. एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती, याची तिला खात्री होती.

“तुम्हाला आहे हो खात्री,” सौरभ म्हणाला. “पण उद्या कोणी म्हणालं, चाळिशीत काढली आणि लेबल शाळेचं लावलं, तर? मूळ चित्रं पाहिलेलं कोणी आहे?”

“माझी आई.”

“आई सोडून.”

आई सोडून एकच माणूस होता. शर्मिला पहिलं चित्र घेऊन कोथरूडला रंगराव सरांकडे गेली. सर ऐंशीला टेकले होते. त्यांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, चष्मा काढून ठेवला.

“आठवत नाही मला.”

“सर, ती वाळवीची वही...”

“वर्षाला दोनशे पोरं असायची. जुनं कशाला उकरतेस? चांगलं नाव झालंय की तुझं.”

बाकीची अकरा त्यांनी मागितली नाहीत. चहाही विचारला नाही. पण पुण्यात त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं, म्हणून शर्मिलानं घेतलं नाही.

बाहेरच्या खोलीत सरांची मुलगी पूर्णिमाताई चित्रकलेचा वर्ग घेत होत्या. शहरातल्या स्पर्धांना परीक्षक म्हणून त्यांनाच बोलावत. निघताना शर्मिलानं त्यांच्या हातात निमंत्रण दिलं. “बाबांना नाही झेपणार. मी येईन,” त्या म्हणाल्या. सौरभनं त्यांना लगेच प्रमुख पाहुण्या करून टाकलं.

शनिवारी सकाळी भिंतीवर बारा चित्रं लागली. खाली पाटी होती, ‘स्मरणावरून, २००१’. ती पाटी शर्मिलाच्या डोळ्यांत खुपत होती. तिची आई चंद्रभागाबाई समोरच खुर्चीवर बसून, येईल त्याला कुठल्या चित्रात आपण काय करत होतो ते सांगत होत्या. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत याचा त्यांना कोण आनंद झाला होता.

पूर्णिमाताईंना शाल-श्रीफळ देऊन झालं. मग सौरभ त्यांना भिंतीपाशी घेऊन आला.

पहिल्या चित्रासमोर त्या थांबल्या. दुसऱ्याकडे गेल्या, पुन्हा पहिल्याकडे आल्या. मग बाराही भरभर पाहून घेतली. चेहरा लालबुंद झाला होता.

“कुठून मिळाली तुम्हाला ही?”

“आठवणीतून,” शर्मिला म्हणाली.

“आठवणीतून?” पूर्णिमाताईंनी सौरभच्या हातातला माइक ओढून घेतला. सगळं दालन ऐकत होतं. “रेघ न् रेघ चोरलीय हिनं! चौऱ्याहत्तर साली याच बारा चित्रांवर मला पहिलं बक्षीस मिळालंय, आणि मूळ वही आजही माझ्या घरी आहे!”